तिसऱ्या मजल्यावरचा पॅसेंजर

"ऊठ. ऊठ म्हणते ना. अरे ऊठ की मेल्या, रस्ता काय तुझ्या बापाने बांधलाय?"

पॅसेंजर उठला नाही. चौकाच्या मधोमध, माणसांनी रस्ता ओलांडायच्या पांढऱ्या पट्ट्यांवर, तो पहिल्या बाकावरच्या हुशार मुलासारखा ताठ बसला होता आणि शाबासकीची वाट पाहत मावशीच्या तोंडाकडे बघत होता. वय सहा महिने, वजन चौतीस किलो. मावशीचं वजन पन्नास, वय सहासष्ट, आणि उजवा गुडघा कामातून गेलेला. पट्टा ओढण्यात काही अर्थ नव्हता. ओढला असता तर दोघांपैकी मावशीच जागची हलली असती.

डावीकडे टेम्पो थांबला. त्याच्यामागे दोन मोटारी. उजवीकडून बस आली आणि धापा टाकत उभी राहिली. ड्रायव्हर तरणाताठा होता. त्याने खिडकीतून मान बाहेर काढली.

"ओ आजी! कुत्रं हलवा ना!"

"तुझ्याच्याने हलतंय का बघ. ये खाली."

"मला टायमिंग आहे, आजी."

"टायमिंग मला शिकवतोस? ही नऊ दहाची गाडी. आता सव्वानऊ होऊन गेलेत. आधीची पाच मिनिटं काय माझ्या कुत्र्याने खाल्ली?"

बसमधली चार माणसं हसली. ड्रायव्हरने चिडून हॉर्न दाबून धरला. पॅसेंजरने मान वळवून त्या आवाजाकडे पाहिलं, एक कान हलवला आणि पुन्हा मावशीकडे तोंड केलं.

"हॉर्न नको वाजवूस, बाबा. हॉर्न नाही कळत त्याला."

"मग काय कळतं?"

हे चारचौघांत सांगायची मावशीला लाज वाटत होती. पण टेम्पोच्या मागे आता रांग लागली होती, आणि दोष कुणाचा ते तिला कळून चुकलं होतं. मघाशी पेपरवाला सायकलवरून बाजूने गेला आणि जाता जाता त्याने घंटी वाजवली होती. एकदाच.

"ए पेपरवाल्या! थांब! तुझ्यामुळे झालंय हे. इकडे वळ आणि दोनदा वाजव."

"काय वाजवू?"

"घंटी रे! दोनदा! लागोपाठ!"

पेपरवाल्याने आधी मावशीकडे, मग कुत्र्याकडे पाहिलं. वेड्या माणसाशी वाद घालू नये अशा चेहऱ्याने त्याने अंगठा दाबला. ट्रिंग ट्रिंग.

पॅसेंजर उठला आणि चालू लागला. इतक्या उत्साहाने की मावशीला मागून अर्धवट पळावं लागलं. बसमधून कुणी तरी जुना माणूस ओरडला, "डबल बेल! चला, जाऊ द्या!" आणि अख्खी बस हसली. मावशीने मागे वळून पाहिलं नाही. तिचे कान मात्र तापले होते.

मावशीने एकतीस वर्षं बसमध्ये कंडक्टरकी केली होती. दोरी एकदा ओढली की गाडी थांबायची, दोनदा ओढली की निघायची. एवढ्या दोन खुणांवर तिने चार ड्रायव्हर पेन्शनीला लावले. गर्दीत कुणाशी वाद न घालता, कुणाचा बाप न काढता, नुसत्या मनगटाच्या हिसक्याने सहा चाकांचं धूड ती थांबवायची आणि हलवायची. आता दारातच यंत्र बसलं, लोक त्याला कार्ड दाखवून चढतात, आणि कंडक्टरच्या जागी सामानाची जाळी आली आहे. ते बघायच्या आत आपण निवृत्त झालो याचं तिला बरं वाटायचं. निदान ती तसं म्हणायची.

कुत्रं तिचं नव्हतं. ते भाच्याचं आणि सूनबाईचं. भाचा म्हणजे तिच्या धाकट्या बहिणीचा मुलगा. नवव्या वर्षी त्याची आई गेली, बाप त्याआधीच कुठे तरी निघून गेला होता, आणि मावशीने त्याला या तिसऱ्या मजल्यावरच्या दोन खोल्यांत वाढवलं. पुढे तो शिकला, नोकरीला लागला, लग्न करून शहराच्या दुसऱ्या टोकाला राहायला गेला. तिथे दोघांनी हौसेने हे पिल्लू आणलं. पिवळट अंग, काळं तोंड, आणि पाय असे की दुसऱ्याच कुणाचे तरी उसने लावले आहेत. आणल्यानंतर पंधरा दिवसांनी सूनबाईला दिवस गेल्याचं कळलं. डॉक्टरांनी तिला अंथरुणात पडून राहायला सांगितलं. पिल्लाला मात्र तिच्या पोटावर उडी मारण्यातच आयुष्याचं सार्थक वाटत होतं.

"दोनच आठवडे, मावशी," भाचा म्हणाला होता. "काही तरी व्यवस्था होईपर्यंत."

"म्हणजे पॅसेंजरच आहे म्हण की. पुढच्या स्टॉपला उतरणार."

सूनबाईने त्याला कुठल्याशा परदेशी राजाचं नाव ठेवलं होतं. मावशीला ते नाव एका दमात घेता यायचं नाही. पॅसेंजर हेच राहिलं. दोन आठवड्यांचे दोन महिने झाले तेव्हा भाच्याने खरी गोष्ट सांगितली. बाळ झाल्यावर कुत्रं वळणाला लागलेलं असेल तर ते परत न्यायचं. नसेल तर सूनबाईच्या वडिलांचं गावाबाहेर मोठं गोदाम होतं. तिथे राखणीला ठेवतील.

"राखणीला म्हणजे?"

"म्हणजे साखळीला. दिवसा साखळी, रात्री सोडतात म्हणे आवारात."

 दुसऱ्याच दिवशी मावशीने माळ्यावरचं खोकं खाली काढलं आणि भाच्याच्या लहानपणच्या सायकलची घंटी त्यातून हुडकली. शब्द पॅसेंजरच्या एका कानातून आत जाऊन दुसऱ्यातून बाहेर पडत होते. घंटीने आठ दिवसांत काम केलं. एकदा वाजली की बूड टेकायचं, दोनदा वाजली की निघायचं. मावशीला वाटलं, जग जिंकलं. साऱ्या रस्त्यावरच्या सायकलींना त्याच घंट्या असतात हे तिच्या लक्षातच आलं नाही. एकतीस वर्षं तिच्या गाडीत दोरी ओढणारं दुसरं कुणी नव्हतं ना!

"मावशी, घंटी रस्त्याची आहे. तुमची नाही," मैदानावरची शिकवणारी मुलगी हसू दाबत म्हणाली. ही पंचविशीची पोर दर रविवारी सकाळी कुत्र्यांची शाळा घ्यायची. कमरेला खाऊची पिशवी, गळ्यात शिट्टी. "तुमचा आवाज द्या त्याला. घंटी विसरावीच लागेल."

"आठ दिवसांत शिकला तो."

"आणि विसरायला आठ आठवडे घेईल. असंच असतं."

शाळेच्या पहिल्याच दिवशी तिने मावशीच्या हातात एक यादी ठेवली होती. पिल्लाला लवकरात लवकर काय काय दाखवायचं त्याची. छत्री. टोपीवाला माणूस. दाढीवाला माणूस. काठी टेकत चालणारा. कुबड्या. हातगाडी. धावणारी मुलं. रडणारं बाळ. लहान वयात जे भेटलं ते त्याच्या जगातलं, आणि उशिरा भेटलं ते वैऱ्याच्या घरचं, असं त्या मुलीचं म्हणणं.

"मग आमच्या खालच्या मजल्यावरच्या हेडक्लार्कना लहानपणी कुणी काही दाखवलेलंच नाही," मावशी म्हणाली.

यादीतली एवढी माणसं आणायची कुठून? मावशीच्या घरी महिन्यातून दोनदा गॅसवाला यायचा आणि एकदा वीजमीटर बघणारा. निवृत्त झाल्यापासून तिचे कित्येक दिवस असे जायचे की सकाळपासून संध्याकाळपर्यंत तोंड उघडायचं कारणच पडायचं नाही. शेवटी तिने ओळखीच्या ठिकाणी जायचं ठरवलं. रोज सकाळी नऊ ते अकरा ती बसस्टॉपच्या बाकावर पॅसेंजरला घेऊन बसू लागली. तिथे टोपी, दाढी, छत्री, काठी, सगळं आपल्या पायांनी चालत यायचं.

"हात लावू का आजी? चावत नाही ना?"

"आधी मूठ पुढे करा. वास घेऊ द्या. डोक्यावरून नाही, गळ्याखालून. झालं? आता पुढे सरका. मागच्यांना येऊ द्या. ओ, रांगेतून या, कुत्रं पळून नाही चाललंय!"

आठवड्याभरात तिथे खरोखर रांग लागू लागली. शाळेच्या मुली दप्तरं सांभाळत मुठी पुढे करायच्या. कुबडीवाला एक मेकॅनिक रोज आपली कुबडी पॅसेंजरला हुंगायला द्यायचा आणि म्हणायचा, "तपासा साहेब, पास आहे." पॅसेंजर कुणाला भीत नव्हता, कुणावर भुंकत नव्हता. मावशी घरी येऊन यादीवर एकेक खूण करायची.

आठवडाभर अशी भिंत बांधायची, आणि शनिवारी भाच्याने येऊन ती पाडायची.

"आला रे माझा राजा! ये, ये, वर ये!" दारातच तो दोन्ही हात पसरायचा आणि पॅसेंजर त्याच्या छातीवर पाय ठेवून उभा राहायचा.

"खाली! अरे त्याला खाली कर! पाठ फिरव तू. पाठ फिरव म्हणते ना! उडी मारली की पाठ फिरवायची, सतरा वेळा सांगितलंय."

"लहान आहे गं अजून."

"लहान? मघाशी त्याने शेपटीने माझा चहाचा कप उडवला. हाच उद्या तुझ्या बायकोला भुईसपाट करेल, तेव्हा म्हण लहान आहे. तुला मी असंच वाढवलं होतं का?"

"मला तर तू बसमध्ये उभं राहायचीसुद्धा शिस्त लावली होतीस," भाचा हसत म्हणायचा, आणि पॅसेंजरला पुन्हा वर घ्यायचा. मावशी कपाळाला हात लावायची.

चौकातल्या त्या फजितीनंतर घंटी पुन्हा खोक्यात गेली आणि आवाजाची शिकवणी सुरू झाली. ती पहिल्या दिवसापासून फसली. मावशीचा आवाज हा आवाज नव्हता, अवजार होतं. भरल्या गाडीत पुढच्या दारापासून मागच्या दारापर्यंत जावा म्हणून घासून घासून केलेला. "बस!" ती म्हणाली की पॅसेंजर दचकून जमिनीला चिकटायचा आणि बऱ्याचदा खाली ओलं करायचा. मग मावशी आणखी ओरडायची. मग हेडक्लार्क खालून छताला काठी ठोकायचे. मग ती वाकून लादी पुसायची आणि गुडघ्याच्या नावाने खडे फोडायची.

"हळू बोलून बघा ना," मुलगी म्हणाली.

"हळू बोलून आयुष्यात कुणी माझं ऐकलेलं नाही."

पण हे तितकंसं खरं नव्हतं. हे तिला एका दुपारी आठवलं. पॅसेंजर दारात आडवा झोपला होता आणि तिला ओलांडून जाता येत नव्हतं. ती त्याच्यावर खेकसणार, तोच तिला वाटलं, हा असा मान टाकून झोपलेला कुणासारखा दिसतोय? शेवटच्या गाडीतल्या माणसांसारखा. कामावरून परतताना खिडकीला डोकं टेकून झोपलेली माणसं. त्यांचा स्टॉप तिला पाठ असायचा. त्यांना ती कधी ओरडून उठवत नसे. जवळ जाऊन खांद्याला दोन बोटं लावायची आणि दोघांपुरतंच म्हणायची. तिने पॅसेंजरच्या खांद्याला तशीच दोन बोटं लावली.

"चला. उठा बरं."

पॅसेंजरने डोळे उघडले, उठला आणि बाजूला झाला.

मावशी तिथेच उभी राहिली. मग तिने त्याच आवाजात, जरा भीत भीतच, "बसा" म्हणून पाहिलं. तो बसला.

त्या दिवसापासून ती त्याला अहोजाहो करू लागली. लोक हसायचे. पण "अरे" म्हटलं की आवाज आपोआप चढायचा आणि "अहो" म्हटलं की उतरायचा, हे तिला कळलं होतं. "मावशी, नवऱ्याला तरी म्हणाली असतीस का एवढं?" शेजारीण म्हणाली. "नवरा होता कुठे? असता तर त्यालाही नसतं म्हटलं," मावशी म्हणाली.

याच सुमारास एक दिवस तिला गुडघा दाखवायला दवाखान्यात जावं लागलं. पॅसेंजरला नेणं शक्य नव्हतं. पाणी ठेवून, खिडक्या लावून, बाहेरून कुलूप घालून ती गेली. दोन तास लागले. परत आली तेव्हा हेडक्लार्क जिन्यातच उभे होते.

"मावशी, दोन तास! दोन तास नुसता गळा काढला होता त्याने. माझं डोकं फुटायची वेळ आली."

दार आतून खालच्या बाजूने ओरबाडून निघालं होतं. पॅसेंजरच्या पंज्याला रक्त आलं होतं. मावशीने पंजा धुतला, पट्टी बांधली आणि त्याला इतकं बोलली की तिलाच दम लागला. आता रंगारी बोलवा. आता हेडक्लार्कची बोलणी खा. मेल्या, दोन तास कळ काढता येत नाही का तुला?

शनिवारी भाचा आला. या वेळी तो दारात हात पसरायचं विसरला. दार लावून तो उकिडवा बसला आणि त्या ओरखड्यांवरून बोट फिरवत राहिला.

"कोंडून गेली होतीस याला?"

"दोनच तास. गुडघ्यासाठी."

"इथून पायच दिसतात फक्त," तो खालच्या फटीत बघत म्हणाला. सहज, कुणी हवापाण्याचं बोलावं तसा. "जिन्यातले. मी ओळखायचो कुणाचे कुठले ते. हेडक्लार्कच्या चपला करकरायच्या."

पंज्याला नवी बांधायला घेतलेली पट्टी मावशीच्या हातात तशीच राहिली. बहीण गेल्यानंतरचं ते पहिलं वर्ष. पहाटेची पाळी, पोराच्या शाळेची वेळ दुपारची, आणि त्याला ठेवायला कुणी नाही. नातेवाईक म्हणत होते वसतिगृहात घाल. तिने घातलं नाही. बाहेरून कुलूप लावून ती कामावर जायची, दहा वाजता धावत परत यायची. तेवीस वर्षांत त्याने यातलं एक अक्षर काढलं नव्हतं. तिला वाटायचं, लहान होता, विसरला.

  भाचा उठला आणि पॅसेंजरने उडी मारायच्या आधी त्याने पाठ फिरवली. पॅसेंजर मुकाट खाली बसला.

"शाबास," मावशी म्हणाली. कुणाला ते तिचं तिलाच ठाऊक.

पुढे तिने पॅसेंजरला एकटं सोडलं नाही. ती दवाखान्यात गेली की मैदानावरची मुलगी बाहेर पायरीवर त्याला धरून बसायची. भाजी तिने स्टॉपजवळच्या टपरीतून घ्यायला सुरुवात केली. यादीवरच्या सगळ्या ओळींवर खुणा झाल्या होत्या. एकच उरली होती. रडणारं बाळ.

बाळ दीड महिन्याचं झालं तेव्हा ते सगळे आले. भाचा, सूनबाई, टोपलीत बाळ, आणि सूनबाईचे वडील. व्याही मोकळ्या मनाचा, मोठ्याने हसणारा माणूस. त्यांनी आल्या आल्या हातातली कापडी पिशवी टेबलावर ठेवली तेव्हा आत लोखंड वाजलं. तो आवाज सगळ्यांनी ऐकला आणि कुणीच ऐकल्याचं दाखवलं नाही.

पॅसेंजर आता पन्नास किलोंचा झाला होता. मावशीने त्याला सकाळी दोन तास फिरवून दमवलं होतं. तो खिडकीखालच्या सतरंजीवर बसला होता.

"झोपा," मावशी त्याला म्हणाली. तो आडवा झाला.

"अहोजाहो करता काय त्याला?" व्याही हसले. "आमच्या गोदामातल्यांना शिव्यांशिवाय काही कळत नाही."

टोपली पलंगावर ठेवली. सूनबाई टोपली आणि सतरंजी यांच्या मध्ये बसली. चहा झाला. बाळ जागं झालं, त्याने हातपाय झाडले आणि एकदम टाहो फोडला. पॅसेंजरने मान उचलली. त्याचे कान उभे राहिले. त्याने बाळाकडे पाहिलं, मग मावशीकडे पाहिलं.

"काही नाही. झोपा."

त्याने एक मोठा सुस्कारा सोडला आणि मान पुन्हा पंज्यांवर ठेवली. भाच्याच्या चेहऱ्यावर असं हसू आलं की जणू त्यानेच परीक्षा दिली होती. "बघितलंस?" तो बायकोला म्हणाला. "बघितलंस ना?"

सूनबाईने बाळाला छातीशी घेतलं होतं. ती पॅसेंजरकडेच पाहत होती.

"मावशी, एक बोलू? रागावणार नाही ना?"

"बोल."

"तो काही करणार नाही. मला कळतंय. तुम्ही किती केलंय तेही दिसतंय. पण मला भीती वाटते. आत्ता हे रडलं तेव्हा माझे हात गार पडले. मी घरात दिवसभर त्याच्याकडेच बघत राहीन. माझ्याच्याने नाही होणार."

"अगं मग हे आधी सांगायचंस!" मावशीचा जुना आवाज निघाला. पॅसेंजरने कान पाडले. "साडेसात महिने! पावसापाण्यात, हा मोडका गुडघा घेऊन, साडेसात महिने मी त्या स्टॉपवर..."

"आधी मलाच माहीत नव्हतं, मावशी," सूनबाई म्हणाली. तिच्या डोळ्यांत पाणी आलं होतं. पोर खरं बोलत होती, त्यामुळे तिच्यावर धड चिडताही येईना.

व्याह्यांनी अवघडलेली वेळ सावरायची म्हणून मांडीवर थाप मारली आणि उठले. "जाऊ द्या हो. मी आहे ना! मोकळी जागा, भरपूर खाणं. काही कमी पडणार नाही त्याला." त्यांनी पिशवीतून साखळी काढली. नवीकोरी, जाड. "चल रे वाघा. ये इकडे."

पॅसेंजर उठला. शेपटी हलवत तो व्याह्यांकडे गेला, त्यांच्या मुठीचा वास घेतला, साखळीचाही घेतला, आणि गळा पुढे केला. माणूस आला की भ्यायचं नाही. हात पुढे आला की मान द्यायची. साडेसात महिने मावशीने त्याला हेच तर शिकवलं होतं.

"थांबा," मावशी म्हणाली.

पॅसेंजर थांबला. व्याहीही थांबले.

"बसा, व्याही. आणखी अर्धा कप घ्या. तो नाही येणार."

"अहो, येतोय की तो."

"तो कुणाबरोबरही जाईल. म्हणूनच म्हणते. राखणीला काय कामाचा हा? चोर आला तर त्याचा हात चाटून रांगेत उभा राहील."

"मावशी," भाचा म्हणाला, "अगं हा दहा वर्षं जगेल. तू शहात्तरची होशील."

"मग दहा वर्षांत म्हाताऱ्या माणसाबरोबर कसं चालायचं ते शिकेल. एवढं शिकलाय, तेही शिकेल."

 सूनबाईने बाळाचं दुपटं उगाच नीट केलं. "मग मावशी, आम्ही इथे... म्हणजे याला घेऊन... जरा मोठं होईपर्यंत तरी नाही..."

"कळलं मला," मावशी म्हणाली. "तू नको घोर लावून घेऊस जिवाला. मोठं झालं की आण."

बाळ किती मोठं झालं की, हे तिने विचारलं नाही आणि सूनबाईने सांगितलं नाही. व्याह्यांनी साखळी पिशवीत घातली. मंडळी जिना उतरू लागली. सगळ्यांत मागे भाचा राहिला. तो दारात चपला घालत होता, आणि त्या एका कामाला त्याला फार वेळ लागत होता.

"मी तुला कोंडून जायचे," मावशी म्हणाली. ती त्याच्याकडे बघत नव्हती. "तेव्हा."

"मग काय करणार होतीस?"

"तू कधी बोलला नाहीस."

"काय बोलायचं त्यात?" त्याने चपलेचा पट्टा सारखा केला. "दहा वाजता तुझे पाय दिसायचे."

तो खाली गेला. गाडीची दारं लागल्याचे आवाज आले, एक, दोन, तीन. मग गाडी गेली.

आत पॅसेंजर पलंगाखाली अर्धा घुसून बसला होता. बाहेर राहिलेली शेपटी अपराधी दिसत होती.

"काय घेतलंत तोंडात? काय आहे ते? अरे मेल्या, दोन तास नाही शहाणपण टिकत तुझं? बाहेर ये! या बाहेर!"

तो बाहेर आला. त्याच्या दोन ताटाएवढ्या पंज्यांमध्ये बाळाचा एक पायमोजा होता. चावला नव्हता. नुसता जवळ घेऊन बसला होता, आणि लाळेने चिंब केला होता. मावशी भिंतीला धरून धरून खाली बसली आणि तिने हात पुढे केला.

"द्या."

त्याने दिला. ती तशीच बसून राहिली, कारण गुडघा आता लगेच उठू देणार नव्हता. मग उठून तिने मोजा साबण लावून धुतला आणि खिडकीबाहेरच्या दोरीवर एका चिमट्याने लावला. मोजा राहिलाय म्हणून भाच्याला कळवायला हवं होतं. सावकाश कळवलं तरी चालणार होतं. दुसरा त्यांच्याकडे असेलच.

ऊन कललं होतं, तरी अजून पुरेसं होतं. वाळायला वेळ लागणार नव्हता. एवढासा तर होता.